रूपाबाईंनी मोजलेला लाल बटू

सिद्धेश्वरच्या धरणापासून कालव्याच्या कडेकडेनं तीन किलोमीटर चालत गेलं की रूपाबाई राठोडांचा तांडा लागतो. तिथं जाऊन कुणालाही विचारा, ग्रहवाल्या रूपाबाई कुठं राहतात? पोरंसोरं घरापर्यंत आणून सोडतील आणि वाटेत सगळी हकिगत फुकटात ऐकवतील. त्यात दर खेपेला एखादा ग्रह वाढलेला असतो. म्हणून खरं काय घडलं ते एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

रूपाबाईंचे मालक नरसिंग कालव्यावर चौकीदार होते. ते तापात गेले तेव्हा रूपाबाई एकतीस वर्षांच्या होत्या आणि पदरात चार वर्षांचा प्रेमदास होता. सातवी पास झालेल्या होत्या, तेवढ्यावर पाटबंधारे खात्यानं त्यांना नवऱ्याच्या जागेवर घेतलं. बाईमाणूस रात्रीची कालव्यावर काय करणार, असं ज्यानं त्यानं बोलून घेतलं. रूपाबाईंनी काठी घेतली, बॅटरी घेतली आणि एकोणतीस वर्षं नोकरी केली. बोलणारे त्याच्या कितीतरी आधी थकले.

काम दिसायला सोपं. कालव्याच्या भिंतीला आकडे रंगवलेली एक उभी पट्टी असते, तिला गेज म्हणतात. पाणीपाळी चालू असली, म्हणजे कालव्यात पाणी सोडलेलं असलं, की दर तासाला पट्टीवर पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. महिनाअखेरीला ते सगळे आकडे चौकटीच्या कागदावर टिंबाटिंबानं मांडून रेघ ओढायची. झालं काम. पण वारं सुटलं की पाणी पट्टीवर नाचतं, तेव्हा लाटेचा वरचा आकडा आणि खालचा आकडा बघून मधला धरावा लागतो. धरणातून एकदम जादा पाणी सुटलं की रेघ ताडकन वर चढते आणि सावकाश उतरते. मध्येच एखादी चारी, म्हणजे शेतांकडं जाणारा फाटा, उघडली की रेघ खाली बसते, चारी बंद झाली की पुन्हा जागेवर येते. रूपाबाई जागेवर न जाता सांगायच्या की कुठली चारी उघडली आहे. मोठ्या चारीनं पाणी चार बोटं उतरायचं, धाकट्या चारीनं दोन बोटं. रात्री गुपचूप दार उचलून पाणी पळवणाऱ्या एका बागायतदाराच्या बांधावर त्या अर्ध्या तासात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तो बिचारा अजूनही समजतो की कुणीतरी चुगली केली.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचा जीव घरात रमेना. घरावरच्या पाण्याच्या टाकीला त्यांनी खडूनं आकडे घातले. प्रेमदास हिंगोली ते औंढा जीप चालवतो. दमून आलेला माणूस, आंघोळ करून बाहेर पडला की त्याला किती बोटं पाणी खर्चलं ते ऐकवलं जायचं. "याडी, मी आता नदीवरच जात जातो," असं तो रडकुंडीला येऊन म्हणायचा. तांड्यावर आईला याडी म्हणतात. त्याची बायको दिपा, तीही सासूला याडीच म्हणते. घरातलं बोलणं गोरमाटीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं, इथं मराठीत सांगतो आहे एवढंच.

ही दिपा हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावकडची, औंढ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सासूला काहीतरी मोजायला दिल्याशिवाय नवऱ्याची सुटका नाही, हे तिनं ओळखलं. आखाडा बाळापूरच्या वैजनाथ सरांनी शिक्षकांसाठी एक शिबिर घेतलं होतं. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि आपल्या शेतात पत्र्याचं सरकतं छप्पर असलेली खोली बांधून त्यात चौदा इंची दुर्बीण ठेवून आहेत. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेले ताऱ्यांचे आलेख घरबसल्या कसे तपासायचे, हे तिथं दाखवलं होतं. जगभरची हौशी माणसं एका संकेतस्थळावर हे करतात. ताऱ्याकडं सतत बघत राहायचं, त्याचा उजेड मोजायचा आणि टिंबं मांडायची. ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की उजेड थोडा कमी होतो आणि रेघेत खड्डा पडतो.

एका रविवारी दुपारी दिपानं लॅपटॉप सासूसमोर ठेवला. रूपाबाईंनी चष्मा लावला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर गेज हाय."

"व्हय याडी. फक्त पाण्याची न्हाई, उजेडाची."

"कुठल्या ताऱ्याची?"

"ह्याला नाव न्हाई, नुसता नंबर हाय. आपल्यापासून बेचाळीस प्रकाशवर्षं. ताऱ्यांच्या मानानं शेजारच्या गल्लीतच म्हणा."

"मंग आपल्याला दिसंना काहून?"

"लाल बटू हाय तो. सूर्याच्या पावपट, अन् उजेड अगदीच कमी. डोळ्यांनी दिसतच न्हाई."

"शेजारी असून दिसत न्हाई. आपल्या सरपंचावाणी हाय म्हणा की."

दिपा हसली आणि तिथून पुढं रोज शाळेतून आली की सांगत बसली. असे लाल बटू आकाशात सगळ्यात जास्त आहेत. स्वभावानं तापट, मधूनच भडकतात आणि उजेड एकदम उसळतो. त्यांचे ग्रह त्यांना अगदी चिकटून फिरतात, तिथलं वर्ष आपल्या काही दिवसांतच संपतं. अशा ग्रहाची एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडं असते. तिथं कायमचा दिवस, पलीकडं कायमची रात्र. रूपाबाईंनी यावर बराच वेळ विचार केला. "तिथं गेजवाल्याचे लई हाल," म्हणाल्या. "पाळी कवा संपली कळायचंच न्हाई."

त्या ताऱ्याला एक ग्रह आहे हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. दर चार दिवसांनी ठरल्यासारखा एक खड्डा पडायचा. रूपाबाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. दुर्बिणीनं मागच्या वर्षी टिपलेला तुकडा आणि या वर्षी टिपलेला तुकडा, दोन्ही आलेख त्यांनी दिपाकडून छापून घेतले आणि भिंतीला लावले. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढं बसून राहिल्या. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. प्रेमदासनं तोंड उघडलं नाही, कारण टाकीचे आकडे बंद झाले होते.

नवव्या दिवशी त्यांनी दिपाला बोलावलं आणि एका खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे बघ. बाकीचे समदे चार बोटं हायेत. ह्यो एकच सहा बोटं हाय."

"याडी, तिथं सगळ्यांनी लिवलंय, मोजायच्या यंत्रात बिघाड झाला असंल."

"यंत्र बिघडलं तर कसंबी बिघडंल. बराबर दोन बोटंच काहून उतरंल? दोन चाऱ्या संगं उघडल्या हायेत. मोठी अन् धाकटी."

मग धाकट्या चारीचा, म्हणजे दुसऱ्या, लहान ग्रहाचा शोध लागला. मागच्या वर्षीच्याच तुकड्यात, त्या खोल खड्ड्याच्या अकरा दिवस आधी, तारा भडकला होता. रेघ ताडकन वर गेली होती आणि सावकाश उतरत होती. पण उतरताना एका जागी बसकी झाली होती. संगणकाला त्यात काही दिसलं नव्हतं, तो बिचारा नीटनेटके खड्डे शोधतो. रूपाबाईंना दिसलं, कारण जादा पाणी सुटलेलं असताना कुणी चारी उघडली तर रेघ अशीच बसते आणि चोर नेमकी हीच वेळ गाठतात. तिसरा पुरावा या वर्षीच्या तुकड्याच्या अगदी टोकाला, अर्धा कापलेला. तिन्हींमधलं अंतर जुळवलं तर धाकटीची पाळी निघाली अकरा दिवस आणि आठ तासांची. सूर्याभोवती फिरायला आपल्याला वर्ष लागतं, आणि रूपाबाईंच्या या ग्रहाचं वर्ष बारा दिवसांच्या आत आटोपतं.

दिपानं हे सगळं त्या संकेतस्थळावर लिहून टाकलं. परदेशातल्या एका जाणत्या माणसानं सभ्यपणे कळवलं की कल्पना छान आहे, पण एक खड्डा बिघाडातला, एक भडक्यातला आणि एक अर्धवट, यावर ग्रह उभा राहत नाही. धाकटा खड्डा एकदा तरी एकटा, स्वच्छ दिसला पाहिजे. तो दिसला तर ग्रह, नाही तर नाही. रूपाबाईंना हे पटलं. साहेबानं जागेवर येऊन गेज तपासावी, याची त्यांनाही सवय होती.

आता पुढची पाळी कधी, हे काढायचं होतं. घरी जुन्या गेजतक्त्यांचे कोरे कागद पडून होते. त्यावर रूपाबाईंनी अकरा दिवस आठ तास मिळवत मिळवत ओळी लिहिल्या आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबल्या: १४ मार्च, पहाटे तीन. दिपानं ते जसंच्या तसं वैजनाथ सरांना पाठवलं. दोन बोटांचा खड्डा सरांच्या दुर्बिणीतून कॅमेऱ्यानं टिपता येण्यासारखा होता. सर भले माणूस. चौदा तारखेच्या पहाटे दीड वाजल्यापासून छप्पर सरकवून बसले.

दुपारी त्यांचा निरोप आला. "साडेचारपर्यंत बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. रेघ सरळच्या सरळ, कुठंही खाली आली नाही. वाईट वाटतं, पण सांगायला हवं. कॅमेरा आता काढला आहे, उद्या सकाळी दुरुस्तीला पुण्याला जाईल."

रूपाबाईंना हे फार लागलं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या गेजला कुणी खोटं म्हटलं नव्हतं, आणि आता सगळ्या जगापुढं त्या खोट्या ठरल्या होत्या. पुढची रात्रीची पाळी चौतीस दिवसांनी होती. कॅमेरा तोवर येईल की नाही कुणास ठाऊक, आणि एकदा फुकट जागलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला जागेल? दिपा समजूत घालायला लागली तर म्हणाल्या, "पाणी चुकत न्हाई बाई. मोजणारा चुकतो. कुठं चुकला ते बघू दे."

जेवण बाजूला सारून त्यांनी सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. तीनदा केल्या. एकही चूक नाही. दिवेलागणीला, डोळे चोळत कागद दूर धरला तेव्हा त्यांची नजर ओळींच्या वर छापलेल्या मथळ्यावर गेली. आयुष्यभर रोज पाहिलेला मथळा, इतका पाहिलेला की कधी वाचलाच नव्हता: "दिनांक. सकाळी ८ ते दुसरे दिवशी सकाळी ८."

कालव्यावर तारीख मध्यरात्री बदलत नाही. सकाळी आठला बदलते. आठला नवा माणूस पाळीवर येतो, तेव्हा नवी तारीख लागते. त्याआधीचे सगळे तास, अगदी पहाटेचे तीनसुद्धा, कालच्याच तारखेत लिहायचे असतात. रूपाबाईंच्या हाताला तीच सवय. त्यांची चौदा तारखेची पहाट ही बाकीच्या दुनियेची पंधरा तारखेची पहाट होती.

"दिपा!" त्या अशा ओरडल्या की प्रेमदास अंगणातून पळत आला. "सरांनी एक दिस आधी बघितलं! पाळी आज हाय. आज रात्री!"

दिपाच्या लक्षात आलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाली, "याडी, सरांना सांगते की टाइप करताना माझी चूक झाली. तुमचं नाव कशाला."

"काहून? चूक माझी हाय." रूपाबाईंनी पेन उचललं. तक्त्यात चुकीचा आकडा खरवडायचा नसतो, गिरवायचा नसतो. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. त्यांनी चौदावर रेघ मारली, वर पंधरा लिहिलं, 'रू. न. राठोड' अशी सही केली. दिपानं मथळ्यासकट त्या कागदाचा फोटो सरांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "मावशी, मी कॅमेरा डब्यात भरून ठेवलाय हो. पुन्हा जोडायचा म्हणजे तीन तास जातील."

"सर, काल तुमी माझ्या चुकीवर जागले," रूपाबाई म्हणाल्या. "आज माझ्या खऱ्यावर जागा. तकलीफ देऊन राहिले, ठाऊक हाय. पण पाळी चुकायची न्हाई."

पुढं सरांनी स्वतःच सांगितलं की आलेखानं त्यांची खात्री झाली नव्हती, त्या खोडलेल्या चौदा तारखेनं झाली. इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण चुकीवर सही करणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. "जीप आहे ना घरी?" ते म्हणाले. "या मग बाळापूरला. तुमची गेज तुम्हीच वाचा."

प्रेमदासनं आयुष्यात पहिल्यांदा विनाभाड्याची इतकी लांब फेरी कुरकुर न करता मारली. दोनच्या सुमारास ते शेतात पोचले. कॅमेरा जोडून झाला होता. वर आभाळ ताऱ्यांनी भरलेलं, पण ज्याच्यासाठी एवढी धावाधाव तो काही दिसत नव्हता; दिसत होती ती फक्त पडद्यावर दर दोन मिनिटांनी उमटणारी टिंबं. रूपाबाई खुर्चीवर टेकल्याच नाहीत. पडद्यासमोर उभं राहून त्यांनी टिंबं वाचायला सुरुवात केली. "वर. खाली. मधी धरा. सरळ हाय."

दोन वीस. सरळ. दोन तीस. सरळ. सर घड्याळ बघायला लागले. दिपानं ओठ दाताखाली धरले. दोन चाळीसला एक टिंब खाली आलं आणि पुढचं परत वर गेलं. "ते वाऱ्याचं हाय," रूपाबाई म्हणाल्या, "त्याला धरू नका." पण मनात आलं, समजा पंधराही चुकलं असेल तर? मग त्यांच्या सहीला काय अर्थ राहिला?

दोन अठ्ठेचाळीसला टिंब खाली आलं. पन्नासला आणखी खाली. बावन्नला त्याहून खाली. चौपन्नला तिथंच.

"उघडली!" रूपाबाई ओरडल्या. "उघडली, सर! धाकटी उघडली! दोन बोटं, मोजून दोन बोटं!"

सर खुर्चीतून उठले, पडद्याला नाक लावून पाहिलं आणि काही बोलायच्या ऐवजी त्यांनी रूपाबाईंच्या पायालाच हात लावला. दिपा रडत होती आणि हसतही होती. प्रेमदासला रेघेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आई जिंकली एवढं कळलं. त्यानं बाहेर जाऊन जीपचा हॉर्न असा वाजवला की अख्ख्या शिवारातली कुत्री जागी झाली. रूपाबाईंनी त्याला तिथूनच दटावलं, "गप की! अजून बंद व्हायची हाय." तीन चाळीसपर्यंत त्या हलल्या नाहीत. खड्डा भरून रेघ पुन्हा जागेवर आली, तेव्हाच त्यांनी पाणी मागितलं.

पुढचं काम मोठ्यांनी केलं. परदेशातल्या त्याच जाणत्या माणसानं मोठ्या दुर्बिणीतून पुढच्या दोन पाळ्या पाहिल्या आणि दोन्ही रूपाबाईंच्या तक्त्याबरहुकूम निघाल्या. दुसरा ग्रह पक्का झाला. शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा सरांचा फोन आला. प्रत्येक नावापुढं त्या माणसाची संस्था लिहावी लागते, विद्यापीठ वगैरे. "मावशी, तुमच्यापुढं काय लिहू? माझं कॉलेज लिहू का?"

"तुमचं कॉलेज काहून? मी कुठं शिकले तिथं? लिवा, कालवा चौकी, सिद्धेश्वर."

तसं छापून आलं. अकरा नावं, त्यात चौथं रूपाबाईंचं. वर एक सातासमुद्रापलीकडचं विद्यापीठ, खाली दुसरं, आणि मधे सिद्धेश्वरची कालवा चौकी. दिपानं तो कागद तांड्यावर मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा रूपाबाई पुढं बसल्या होत्या, मान ताठ करून. लाजल्या वगैरे अजिबात नाहीत. ज्या म्हाताऱ्यांनी एकतीस वर्षांपूर्वी बाईमाणूस कालव्यावर काय करणार म्हणून विचारलं होतं, त्यातले दोघं अजून हयात आहेत. त्यांना मुद्दाम पहिल्या ओळीत बसवलं होतं.

महिन्याभरानं परदेशातून एक पत्र आलं. कुणी एक बाई अशाच लाल बटूंवर काम करत होत्या. त्यांनी फार आदरानं विचारलं होतं की आम्हाला आपल्या संस्थेबरोबर पुढं काम करायचं आहे. सिद्धेश्वरच्या कालवा चौकीत सध्या किती संशोधक आहेत, हे कृपया कळवावं.

दिपानं वाचून दाखवलं आणि पोट धरून हसायला लागली. रूपाबाई हसल्या नाहीत. सरकारी पत्राला उत्तर देताना बसायच्या तशा नीट बसल्या आणि सांगू लागल्या.

"लिव. एकच व्हती, ती रिटायर झाली. जागा अजून भरली न्हाई."

दिपानं ते इंग्रजीत केलं आणि जसंच्या तसं पाठवून दिलं.